परवानगी मिळाली नाही

स्वामीबाई गेल्याचं मला कळलं तेव्हा मी लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो आणि मला काहीही दिसत नव्हतं. बुबुळं मोठी करायचे थेंब घातले होते. कंपाउंडर दर दहा मिनिटांनी येऊन आणखी दोन थेंब घालायचा आणि 'बाबा, डोळे मिटून बसा' म्हणून दम द्यायचा. खिशातला फोन सारखा थरथरत होता. आमचा निवृत्त शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे सकाळी नुसती फुलं आणि सूर्योदय येतात, म्हणून आधी मी लक्षच दिलं नाही. पण थरथर थांबेना, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या बाईंना म्हणालो, 'ताई, जरा एवढं वाचता का काय आलंय ते?' त्या औशाकडच्या होत्या, सासूला घेऊन आल्या होत्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, अक्षराला अक्षर जोडत वाचलं, 'स्वामीबाई... गेल्या.' आणि मलाच विचारलं, 'कुठं गेल्या?'

'नांदेडला असतात त्या, लेकाकडं,' मी म्हणालो. 'उदगीरला आल्या असतील.' मला खरंच तसंच वाटलं. त्या ताईंनी पुढचं वाचलं. खाली कुणी हात जोडले होते, त्याच्या खाली आणखी कुणी, आणि मधेच आमच्या एका सरांनी सवयीनं गुलाबाचं फूल टाकून 'आपला दिवस आनंदात जावो' म्हटलं होतं. ताईंनी तेही त्याच सुरात वाचलं. मग त्या थांबल्या. 'बाबा,' त्या हळूच म्हणाल्या, 'तशा न्हाई गेल्या वाटतं त्या...'

थोड्या वेळानं कंपाउंडर आला आणि माझ्यावर खेकसला, 'बाबा, डोळ्यातून पाणी काढू नका, औषध वाहून चाललंय!' त्यानं पुन्हा थेंब घातले, तेही वाहून गेले. तिसऱ्यांदा तो बाटली घेऊन आला तेव्हा ताईच त्याच्या अंगावर गेल्या, 'अवो, मयत झालंय त्यांच्याकडं. राहू द्या की तुमचं औषध!' तपासणी तशीच टाकून, काळा चष्मा लावून मी उदगीरची एसटी पकडली. लेकानं बाईंना उदगीरला आणलं होतं. संध्याकाळी त्यांच्या मातीला मी तो काळा चष्मा लावूनच उभा होतो. लोकांना वाटलं, सोळुंके सरांना रडलेलं दाखवायचं नाही. तसं काही नव्हतं. उन्हाकडं बघवत नव्हतं, एवढंच... आणि थोडं तेही होतं.

गिरिजाबाई स्वामी आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि मी गणित. उदगीरची आमची शाळा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या बाजूला. नववी 'अ' आणि नववी 'ब' या दोन वर्गांच्या मधे एकच भिंत, आणि तीही अशी की पलीकडं कुणी शिंकलं तर अलीकडचं पोरगं रुमाल काढायचं. बाई आमच्याच संस्थेच्या देगलूरकडच्या शाळेतून बदलून आल्या, तेव्हा या भिंतीच्या एका बाजूला त्यांचा तास आणि दुसऱ्या बाजूला माझा, असं वेळापत्रक लागलं. माझ्या आवाजाबद्दल इथं सांगून टाकतो, कारण पुढं तो कामाला येणार आहे. मी चाकूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी बोलायचं म्हणजे शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोलायचं. सरकारनं छडी बंद केल्यापासून माझा सगळा भार आवाजावर आला होता. पोरं मला पाठीमागं 'भोंगा' म्हणायची. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

बाईंच्या पहिल्या दिवशी मी 'अ' वर्गात फळ्यावर प्रमेय मांडत होतो. तास बदलल्याची घंटा झाली आणि पलीकडून एक बारीक आवाज आला, 'येऊ का आत?' मला वाटलं, उशिरा आलेली पोरगी असेल. पण पोरगी असती तर आत कुणीतरी शिक्षक 'ये' म्हणालं असतं. तिथं कुणीच काही म्हणेना. मग पुन्हा, 'मी मराठीची बाई. येऊ का आत?' नववी 'ब' मध्ये साठ मुलं होती आणि एकाही मुलाला जन्मात कुणी असं विचारलेलं नव्हतं. ती बिचारी घाबरून उभी राहिली आणि 'एक साथ नमस्ते' म्हणाली. बाई तरी दारातच. शेवटी कुणीतरी म्हणालं, 'या की!' तेव्हा बाई आत गेल्या.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मुख्याध्यापक काही हसले नाहीत. ते म्हणाले, 'बाई, वर्ग आपला, तास आपला, अन् तुम्ही पोरांना विचारून राहिलात?' बाई डबा उघडत होत्या. म्हणाल्या, 'वर्ग आपला आहे सर, पण बसलेली तीच असतात की आधीपासून. कुणी बसलेलं असलं तर विचारावं लागतं.' आणि त्यांनी आम्हा सगळ्यांपुढं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा धरून विचारलं, 'घेता का?' आम्ही घेतली. चटणी फार चांगली होती, त्यामुळं वाद तिथंच मिटला.

बाईंनी वर्गात कधी 'आदर' या विषयावर भाषण दिल्याचं मी भिंतीतून तरी ऐकलं नाही. आमच्या शाळेत तशी भाषणं पुष्कळ व्हायची. दर गुरुवारी प्रार्थनेनंतर मी स्वतःच द्यायचो, आणि मागच्या रांगेतल्या पोरांना आदर शिकवताना त्यांची गाढवं, रेडे, दगड काय वाटेल ते करायचो. बाईंचं वेगळंच चालायचं. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठी दिली आणि सांगितलं, 'तुला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडेल ते लिही. मी त्याच नावानं मारीन आणि वर्गातल्या सगळ्यांनी त्याच नावानं मारायची.' कारण त्या वर्गात खरं नाव कुणालाच उरलेलं नव्हतं. ढब्बू, चप्पट, बोकड्या, काळी अशीच हजेरी होती. पोरांनी आपापली चांगली नावं लिहून दिली. नागनाथ नावाच्या एकानं मात्र लिहिलं, 'कलेक्टर.' त्याला वाटलं, बाई रागावतील, वर्ग हसेल, मजा येईल. बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हजेरीत मी पलीकडून ऐकायचो, 'कलेक्टर?' 'हजर बाई.' 'कलेक्टर, फळा पुसता का?' 'कलेक्टर, तुमची वही राहिली.' पोरंही नियमाप्रमाणं 'कलेक्टर, पेन दे' म्हणायला लागली. पंधरा दिवस तो मोठ्या ऐटीत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की कलेक्टरला गृहपाठ न करून चालत नाही, कारण बाई नुसतं एवढंच म्हणायच्या, 'कलेक्टरांनीच नाही केला?' आणि सगळा वर्ग वळून बघायचा. ऑगस्टमध्ये त्यानं लेखी अर्ज दिला, 'मला पुन्हा नागनाथ करावे, ही नम्र विनंती.' बाईंनी तो मंजूर केला आणि अर्जातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या.

हे सगळं मी मजेनं बघत होतो. लहान मुलांचं चाललंय, चालू दे, असा माझा भाव. मग ती नोव्हेंबरातली चाचणी आली.

वैष्णवी बिरादार नावाची मुलगी नववी 'ब' मध्ये होती. मोंढ्यात तिच्या वडिलांची आडत. अंगानं भरलेली, बोलायला फटकळ, मराठीत पुढं आणि गणितात अगदी मागं. तिला वीसपैकी तीन गुण मिळाले होते. मी पेपर वाटताना गुण मोठ्यानं वाचायचो, तशी माझी पद्धतच होती. तिचा पेपर हातात आला आणि मला विनोद सुचला. मी म्हणालो, 'बिरादार, तू गणित सोड. मोंढ्यात जाऊन पोत्यावर बसत जा. तुझ्या अप्पाचं पोतं तेवढंच वजनाला भरंल!' वर्ग असा हसला की 'अ' वर्गातली पोरं बाहेर येऊन बघायला लागली. मी दोन मिनिटं हात वर करून त्यांना थांबवत होतो, पण मनातून मला ते थांबू नये असं वाटत होतं. शिकवून कधी एवढी दाद मिळाली नव्हती. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तो विनोद दोनदा सांगितला.

माझ्या त्याच तासानंतर 'ब' वर्गावर बाईंचा तास होता. मी 'अ' मध्ये गेलो, फळा पुसायला घेतला आणि सवयीनं पलीकडं कान दिला. 'येऊ का आत?' रोज या प्रश्नावर साठ आवाज यायचे, 'या बाई!' त्या दिवशी त्याआधीच एक आवाज आला.

'न्हाई.'

वर्ग खिदळला. मग चिडीचूप झाला. मला वाटलं, आता बाई आत घुसतील आणि एकदाची माझ्या पद्धतीनं सुरुवात होईल. पण बाईंचा आवाज आला, 'बरं.' आणि पुढं काहीच नाही. मी दारातून डोकावलो. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात खडूचा डबा, वर्गाकडं पाठ करून, मैदानातल्या कडुलिंबाकडं बघत. शिपाईमामांनी धावत जाऊन खुर्ची आणली. 'नको मामा,' त्या म्हणाल्या, 'तास चालू आहे.' चाळीस मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या. घंटा झाली, पुढच्या वर्गावर गेल्या. तिथल्या पोरांनी 'या बाई' म्हटलं आणि त्यांनी कविता शिकवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'येऊ का आत?' पुन्हा तोच आवाज, 'न्हाई.' आता मात्र कुणी खिदळलं नाही. भिंतीतून मला कुजबुज ऐकू येत होती, 'म्हण ना या म्हणून', 'गप ए', 'आपल्यामुळं बाई उन्हात हायत'. बाई व्हरांड्यात. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना लेखी मेमो दिला. शाळेत मेमो म्हणजे मोठीच गोष्ट. सेवापुस्तकात जाते, पुढं बढतीला आडवी येते. त्यात विचारलं होतं, 'आपण सलग दोन दिवस नववी ब या वर्गात तासिकेवर गेला नाहीत, याचे कारण काय?' बाईंनी त्याच कागदाखाली, तिथल्या तिथं, सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं: 'परवानगी मिळाली नाही.' सही, दिनांक. मुख्याध्यापकांनी तो कागद आम्हाला दाखवला. 'हे मी फायलीला कसं लावू?' ते म्हणाले. 'उद्या तपासणीला साहेब आले तर काय सांगू? पोरांनी शिक्षकाला परवानगी दिली न्हाई? माझी परवानगी काढून घेतील ते!' मग ते माझ्याकडं वळले. मी पर्यवेक्षक होतो. 'सोळुंके सर, उद्या बघून घ्या जरा. तुमचा आवाज वापरा.'

तो दिवस संपायच्या आत बाईंनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. 'सर, परवा माझ्या आधी तुमचा तास होता. काय झालं होतं वर्गात?' मी म्हणालो, काही नाही, पेपर वाटले. मग आठवलं, म्हणून तो विनोदही सांगितला, तिसऱ्यांदा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, 'सगळे हसले?' म्हणालो, सगळा वर्ग. 'ती?' मी आठवून बघितलं. 'मान खाली घातली होती तिनं. हसली असंल... बहुतेक.'

'बहुतेक,' बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून उठल्या. त्या दिवशी चटणी मिळाली नाही.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. बाई कशा हट्टी आहेत, शाळेची कशी शोभा होते आहे वगैरे. सांगता सांगता तो विनोदही आला, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. आमच्या सौभाग्यवती चांगल्या धडधाकट आहेत. त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, 'मी बी बसू का पोत्यावर?' मी म्हणालो, अगं, तुला कुठं म्हणलं, त्या पोरीला म्हणलं. 'पोरीला साठ जणांपुढं म्हणलात. मला निदान चौघात तरी म्हणा.' भाकरी जळाली. ती मलाच वाढली.

तरीही दुसऱ्या दिवशी मी गेलो. माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. बाई नेहमीप्रमाणं दारात येऊन विचारायच्या आधीच मी त्यांना ओलांडून धाडदिशी वर्गात शिरलो आणि माझ्या सगळ्या ताकदीनं ओरडलो, 'कोण म्हणलं रे न्हाई?' खिडकीतली कबुतरं उडाली. पोरं उभी राहिली, नागनाथ तर बाकावर चढूनच उभा राहिला. मागून दारातून बाईंचा बारीक आवाज आला, 'सर, तुम्ही आत येताना विचारलं नाही.' मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. 'कोण म्हणलं? तीन म्हणायच्या आत उभं राहायचं!' सगळेच उभे होते, त्यामुळं या धमकीला काही अर्थ नव्हता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

'मी म्हणले,' वैष्णवी म्हणाली. माझ्याकडं सरळ बघून बोलली.

'का? बाईंनी तुझं काय वाईट केलं?'

'काहीच न्हाई केलं.'

'मग त्यांना का न्हाई म्हणलीस?'

'त्यांनी विचारलं म्हणून,' ती म्हणाली. 'तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाच म्हणले असते. तुम्ही कुठं विचारता?'

आणि मग ती रडायला लागली. हुंदके देऊन, नाक पुसत, लहान पोरीसारखी. चौदा वर्षांची लहान पोरच होती ती. तिच्या शेजारची मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडं असं बघत होती, की मी पंचवीस वर्षांत शाळेत एवढा परका कधी झालो नव्हतो.   मी वर्गाबाहेर आलो. बाई दारात होत्या. त्यांनी मला वाट दिली. आत वैष्णवी रडत असतानाही त्या उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. फक्त पर्समधून रुमाल काढला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाल्या, 'एवढा तिला देता का?' मग पुन्हा व्हरांड्यात, लिंबाकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. झोप लागली. सकाळी आंघोळीच्या वेळी मात्र मला एकदम आठवलं, की ती हसली नव्हती. मान खाली घातली होती आणि पेपरची घडी घालत होती. लहान, आणखी लहान, आणखी लहान. मी बघितलं होतं ते. हात वर करून वर्गाला थांबवत होतो ना, तेव्हा समोरच तर होती.

पाचव्या दिवशी माझा पहिला तास नव्हता. मी नववी 'ब' च्या दाराशी गेलो. आत इतिहासाचा तास नुकताच संपला होता. उंबऱ्याशी उभा राहिलो. दोन शब्द होते नुसते, आणि ते पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कधी म्हटले नव्हते. हळू म्हणायचं ठरवलं होतं. पण माझ्या घशाला हळू म्हणजे काय ते ठाऊकच नाही. 'येऊ का आत?' असा काही गरजलो, की दोन-तीन पोरांनी दप्तरं छातीशी धरली.

 सगळे वैष्णवीकडं बघायला लागले. ती म्हणाली, 'कशाला?'

याची मी तयारी केली नव्हती. 'माफी मागायचीय,' मी म्हणालो.

'कुणाची?'

'तुझी.'

तिनं विचार केला. चांगला अर्धा मिनिट केला असेल. मग म्हणाली, 'मग तिथनंच मागा.'

मी तिथूनच मागितली. 'वैष्णवी, मी त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं होतं. तुझ्या अंगावरून बोलायचा मला काही अधिकार नव्हता. माझं चुकलं.' एवढंच म्हणालो, पण दारात उभं राहून म्हणालो, आणि माझ्या आवाजात. त्यामुळं 'अ' वर्ग बाहेर आला, वरच्या मजल्यावरून आठवीची पोरं कठड्यावर लोंबकळली, कार्यालयातून मुख्याध्यापक धावत आले. त्यांना वाटलं मारामारी झाली. शिपाईमामा हातातली घंटा वाजवायची विसरले, तो तास सात मिनिटं लांबला. लाज वाटली का? वाटली. कानशिलं तापली. आणि त्याच्या खाली, सांगायला विचित्र वाटतं, पण हलकंही वाटलं.

वैष्णवी म्हणाली, 'ठीक हाय.' मग जरा थांबून, 'बाईंना सांगा, या म्हणावं.'

'अन् मी?' मी विचारलं.

'तुमचं सोमवारी बघू.'

बाई व्हरांड्याच्या टोकाशी उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. उदगीरच्या किल्ल्यात ऐकू गेलं असेल. त्या आल्या, दारात थांबल्या, विचारलं, आणि साठ पोरांनी असं काही 'या बाई!' केलं, की मुख्याध्यापकांनी कानावर हात ठेवला. आत जाता जाता माझ्याजवळ क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, 'सर, छान झालं. आवाज थोडा मोठा झाला.'

सोमवारी मला आत घेतलं. गुण मोठ्यानं वाचणं मी तेव्हापासून बंद केलं. वैष्णवीला मी जादा तास देऊन शिकवलं, पण तिचं आणि गणिताचं काही जमलं नाही. दहावीला काठावर सुटली आणि निकालाच्या दिवशी आम्हाला दोघांनाही सारखाच धाप लागल्यासारखा आनंद झाला. आता ती अप्पांबरोबर आडतीवर बसते. मातीच्या दिवशी ती होती. बायकांच्या घोळक्यात उभी राहून मला म्हणाली, 'सर, डोळ्याला काय झालं?' आणि उत्तर ऐकून मला घरापर्यंत गाडीवर सोडलं. 

मी काही साधू झालो नाही. नंतरही वर्षातून दोन-तीनदा तोंडातून 'गाढवा' निघायचंच. निघालं की पोरं थांबून माझ्याकडं बघत बसायची आणि मला 'चुकलं' म्हणावं लागायचं. ही वसुली त्यांनी फार कडक केली. आणि बाईही काही साध्वी नव्हत्या. लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून त्या आहेरासोबत परत करायच्या. माझ्या मुलीच्या पत्रिकेत त्यांनी अकरा चुका काढल्या. मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललो नव्हतो.

निवृत्तीनंतर त्या नांदेडला गेल्या. लेक विष्णुपुरीला नोकरीला, धरणाच्या बाजूच्या वसाहतीत राहायला. गेल्या थंडीत मी त्यांना भेटायला गेलो, तीच शेवटची भेट. पाय सुजायचे, चालणं कमी झालं होतं. गच्चीवर दोन खुर्च्या टाकून आम्ही उन्हाला बसलो, लांब पाणी चमकत होतं. बोलता बोलता नववी 'ब' चा विषय निघालाच. मी म्हणालो, 'बाई, तेवढी शांतता तुम्ही आणली कुठून? चार दिवस उभ्या होतात. चेहऱ्यावर रेघ नव्हती.'

त्या हसायला लागल्या. 'शांतता? सर, मला लई राग आला होता. दुसऱ्या दिवशी तर वाटलं, आत जावं आन् त्या पोरीला एक ठेवून द्यावी. लिंबाकडं तोंड करून मी काय उभी होते? रडत होते. तुम्हाला दिसू नये म्हणून पाठ केली होती. पाय असे सुजले होते, चप्पल निघंना संध्याकाळी.'

मला हे दहा वर्षांत माहीत नव्हतं. 'मग गेला का नाहीत आत?'

'जायचं कसं?' बाई म्हणाल्या. 'विचारून बसले होते ना. विचारायची मला सवय होती हो, सर. नाही ऐकायची नव्हती. तोपर्यंत कुणी म्हणलंच नव्हतं. ती म्हणली तेव्हा कळलं, की इतकी वर्षं मी नुसतं विचारल्यासारखं करत होते...' मग त्या म्हणाल्या, 'त्या पोरीनं मला शिकवलं. तुम्हाला वाटत असंल, तुम्हाला एकट्यालाच शिकवलं.'

परवा, त्यांना जाऊन महिना झाल्यावर, मी पुन्हा विष्णुपुरीला गेलो. लेक कामावर होता, सूनबाई, सुजाता, घरी. तिनं मला बाईंच्या खोलीत बसवलं. खोली तशीच आहे. आणि घरभर, मागच्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं, बाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. पंख्याच्या बटणाखाली: 'जाताना बंद करावा, कृपया.' मोरीच्या नळाशी: 'हळू सोडावा. म्हातारा झाला आहे.' सुजाता हसत म्हणाली, 'सुरुवातीला लई राग यायचा सर. वाटायचं, सासूबाईंनी, आमच्या अव्वांनी, घराची शाळा केली. मग मीच एक दिवस त्यांच्या औषधांच्या डब्यावर चिठ्ठी लावली, वेळेवर घ्यावीत, कृपया. त्या दिवसापासून आमचं जमलं.'

पाण्याची टाकी भरल्याचा आवाज आला तशी ती लगबगीनं पॅसेजमध्ये गेली. मोटारीच्या बटणाखालीही एक चिठ्ठी आहे, ती मला बसल्या जागेवरून वाचता येत होती: 'बंद केल्यावर मला सांगावं. काळजी वाटते.' सुजातानं बटण दाबलं आणि खोलीकडं वळून मोठ्यानं म्हणाली, 'अव्वा, केली बंद.'

म्हणाली आणि तिथंच थांबली. हात बटणावर तसाच. माझ्याकडं बघेना.

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

'ऐकलं,' मी म्हणालो.